दहा लाखांत दहा

आधी बोटाच्या पेरानं वाजवून बघतो,
आठवडी बाजारात बाया मडकं वाजवतात तशी.
टाकी खणखणली तर ठीक.
बद्द बोलली तर बाजूला; आत गंज धरलेला असतो.

मग झडप चिमूटभर ढिली करायची,
पांढऱ्या रुमालावर फुस्स,
आणि रुमाल उन्हात धरायचा.
तेलाचा डाग मोहरीएवढासुद्धा नको.
मग नाक. मग जिभेचा शेंडा, हसू नका,
खराब हवेला चव असते,
खिशात घामेजलेल्या जुन्या नाण्यासारखी.

वीस वर्षं गढी रोडला पंक्चर काढले मी.
सायकल, ट्रॅक्टर, उसाची ट्रॉली,
कुणी विचारलं नाही कधी,
मुनीरभाई, हवा कसली भरताय?
टायर खोकत नाही.
टायरची बायको दवाखान्याच्या पायरीवर बसत नाही.

गेल्या फाल्गुनात धरणाच्या दाराचं काम निघालं.
जनरेटर उगवतीला, कॉम्प्रेसर मावळतीला,
मीच मांडलं होतं, वारं बघून.
दुपारी वारं फिरलं.
मी जेवत होतो. भाकरी, ठेचा, अर्धा कांदा.
एवढंच झालं.
वारं फिरलं आणि मी जेवत होतो.

मसाजी वर आला तो हसतच.
"लई गोड लागली आज हवा," म्हणाला,
आणि तराफ्याच्या पत्र्यावर डोकं टेकलं,
तिथं कुणी उशी ठेवली असावी तसं.
अंबाजोगाईला तीन दिवस नळ्या.
वाचला.
अजून मधूनच पोरीचं नाव विसरतो,
मग मलाच विचारतो.
प्रणिता, मी सांगतो. प्रणिता रे.

तेव्हापासून ही काचेची नळी.
नाकाला जे कळत नाही, तेच मारतं.
नळीची दोन्ही टोकं मोडायची, हवा सोडायची,
आणि पाच मिनिटं काहीच करायचं नाही.
पिवळी राहिली तर माणूस खाली जातो.
करडी पडली तर टाकी रिकामी.
दहा लाखांत दहा कण, त्याच्या वर नाही,
असं तक्त्यावर आहे.
दहा लाख मी कुठं मोजलेत?
पण वीस मीटर खाली, साहेब सांगत होते,
तेवढंच विष तिप्पट चढतं अंगात.

आज पलीकडच्या तांड्यावरचं पोरगं. कालपासून आत आहे.
काठावर दोनशे माणूस. फौजदार घड्याळ बघतो.
"नळीत काय बघतो म्हाताऱ्या, पाण्यात बघ!"
मी नळी धरून उभा.

त्याची आई जवळ येऊन बसली. चांदीबाई.
"कामून थांबलात भाऊ?"
काय सांगू?
तुझं लेकरू आता थांबू शकतं, बाई,
हा थांबू शकत नाही.
हे कुठल्या तोंडानं सांगतात?
म्हणालो, "हवा बघतोय. चांगली आहे का ते."
मग तीही बघत बसली, माझ्याबरोबर,
त्या पेन्सिलीएवढ्या काचेकडं.

करडी पडली.

झडप पूर्ण उघडली मी.
टाकी ओरडत राहिली, किती तरी वेळ,
आणि काठावरच्या शिव्या त्यात ऐकू आल्या नाहीत.
"सगळी वाया?" तिनं विचारलं.
"सगळी."
तिनं पदर नाकाला लावला,
पण उठली नाही.

जनरेटर बंद करायला लावला, दुसरी टाकी घेतली.
वाजवली. रुमाल. नाक. जीभ. नळी.
परत पाच मिनिटं.
पिवळी. पिवळी. अजून पिवळी.

मसाजीनं रबर दातात धरलं.
तो पाण्याकडं बघत नाही खाली जाताना,
माझ्या तोंडाकडं बघतो.
मी मान हलवली.

आता बुडबुडे येतायत.
मी मोजतोय,
दहापर्यंत,
मग परत एकपासून.